१.८ जीबीचे मानपान

लग्नातले मानपान शेवटची पंगत उठली की संपतात, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. हल्ली ते व्हिडिओ पोहोचेपर्यंत चालू राहतात. पूर्वी कोणाला पूर्ण पोशाख मिळाला आणि कोणाची नुसत्या टोपी-उपरण्यावर बोळवण झाली यावरून रुसवे होत. आता कोणाला स्पष्ट व्हिडिओ गेला, कोणाला अंधूक गेला, कोणाला नुसतीच लिंक गेली आणि कोणाला काहीच न जाता केवळ "पाठवतो" एवढा निरोप गेला, यावरून नात्यांची प्रतवारी ठरते.

पुतणीच्या लग्नात, साताऱ्याला, मंगलाष्टकांचे चित्रण करण्याचे काम माझ्याकडे आले. रीतसर छायाचित्रकार होतेच, त्यांचे ड्रोनही मांडवावर घिरट्या घालत होते. परंतु त्यांनी संगीत वगैरे घालून सजवलेला व्हिडिओ हाती पडायला काही महिने जातात, आणि तोवर नातेवाइकांनी काय पाहायचे, या प्रश्नाला घरातल्या ज्येष्ठांनी शोधलेले उत्तर म्हणजे मी होतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभे राहून, फोन आडवा धरून, नाकावर बसलेली माशीसुद्धा न हाकलता मी सगळी मंगलाष्टके टिपली. फोर-के दर्जाच्या चित्रणाला आजकालचा चांगला फोन मिनिटाला साधारण १७० एमबी जागा घेतो, मंगलाष्टके ११ मिनिटे चालली, आणि फाइल भरली १.८ जीबीच्या थोडी वर. हा हिशेबसुद्धा व्हिडिओ दाबून साठवण्याच्या एच.२६५ या काटकसरी पद्धतीचा आहे, जी २०१३ साली प्रमाणित झाली. तिच्या आधीच्या एच.२६४ पद्धतीत तेवढ्याच स्पष्ट चित्राला जवळजवळ दुप्पट जागा लागते. हा तपशील वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा, कारण विहीणबाईंचा टीव्ही अजून यायचा आहे.

मंगलाष्टके ११ मिनिटे चालण्याचे श्रेय निःसंशय आत्याचे. गुरुजींची ठरलेली मंगलाष्टके झाल्यावर तिने स्वतः रचलेली म्हटली. मंगलाष्टकांचे वृत्त म्हणजे शार्दूलविक्रीडित. त्याच्या चरणात १९ अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम, येतो. त्या मापात आत्याने दोन्ही घरांतली झाडून सगळी माणसे, दोन कुलदैवते, वधूचे शिक्षण आणि वराची नोकरी अशी काही बसवली होती, की एवढे दाबूनही एकाही नावाला चिमटा बसला नव्हता. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला हे कसब साधलेले नाही, याचा प्रत्यय मला त्याच रात्री आला.

कुटुंबाच्या गटावर मी प्रथम व्हिडिओ साध्या रीतीने, म्हणजे गॅलरीतून निवडून पाठवला. या रीतीत निरोपाची ॲप व्हिडिओ आहे तसा नेत नाहीत. आधी त्याला बारीक करतात. व्हॉट्सॲपवर २०१६ सालच्या एप्रिलपासून सगळे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधल्या सर्व्हरला आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे व्हिडिओ बारीक करण्याचे काम त्याच्याकडे देता येत नाही आणि ते आपल्या फोनलाच करावे लागते. त्यामुळे माझा फोन एवढा तापला की पत्नीने तो उचलून फरशीवर ठेवला.

व्हिडिओ गेला. पाठोपाठ आत्याचा फोन आला.

"अरे, मी कुठे आहे यात?"

"आत्या, तू गुरुजींच्या डाव्या बाजूला आहेस. हिरवी पैठणी."

"हिरवं काहीतरी दिसतंय खरं. पण ते तोरणही असेल."

यात ॲपला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष असलाच तर तो अक्षतांचा आहे. व्हिडिओ लहान करणारी यंत्रणा प्रत्येक चौकट, म्हणजे फ्रेम, नव्याने साठवत नाही. आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले आणि कोणता भाग किती सरकला, एवढेच ती टिपून ठेवते. अंतरपाट स्थिर, गुरुजी स्थिर, मामा वधूच्या मागे स्थिर, तोपर्यंत तिचे उत्तम चालते. पण "सावधान" म्हणताच दीडशे माणसे एकाच क्षणी मुठी उधळतात. तांदळाचा प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेगाने जातो, आणि काल काय होते त्यावरून आज काय असेल हे सांगण्याची सोयच उरत नाही. ठरलेल्या मापात तेवढे सगळे मावत नसल्यामुळे यंत्रणा चेहऱ्यांचा तपशील सोडून देते आणि चित्राच्या जागी चौकोनी ठोकळे मांडते. म्हणजे संपूर्ण विवाहात जो क्षण पाहण्यासाठी माणसे साताऱ्यापर्यंत येतात, नेमक्या त्याच क्षणी वधू, वर आणि आत्या या तिघांच्या फरश्या होतात. दोन कडव्यांच्या मधली शांतता मात्र अतिशय स्पष्ट दिसते.

एचडी निवडून पाहिले. ही सोय २०२३ साली आली आणि तिने ठोकळ्यांचा आकार लहान झाला, परंतु तीही दाबलेलीच प्रत असते. मग भाच्याने, जो अमेरिकेत असल्यामुळे अशा बाबतीत अधिकारी समजला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याचा सल्ला दिला. सल्ला बिनचूक होता. डॉक्युमेंट म्हणून दिलेली फाइल ॲप उघडून पाहत नाही, दाबत नाही, जशीच्या तशी नेते. पूर्वी तिला १०० एमबीची मर्यादा होती, ती व्हॉट्सॲपने २०२२ साली २ जीबीपर्यंत नेली. ईमेलला जोडायचे म्हटले तर जीमेलची हद्द २५ एमबी, म्हणजे आमच्या मंगलाष्टकांतला पहिला गणपती आणि त्याचीही जेमतेम सोंडच त्यात मावली असती. त्या मानाने २ जीबी हे ऐश्वर्य होते, आणि माझी फाइल त्यात अगदी सोवळ्याने, कडेला न शिवता, बसत होती.

प्रश्न वेळेचा निघाला. इंटरनेटच्या जाहिरातीत जो भला मोठा आकडा असतो तो बहुधा आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा असतो. आपल्याकडून जाणाऱ्या माहितीचा वेग अनेक योजनांत त्याहून कितीतरी कमी असतो. शिवाय तो आकडा मेगाबिटांचा असतो आणि फाइल मेगाबाइटची, आणि एका बाइटात ८ बिट असल्यामुळे जाहिरातीतल्या वेगाला प्रथम आठाने भागून मग खिन्न व्हावे लागते. जाण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट धरला तर १.८ जीबीला ४८ मिनिटे लागतात, तीही फोनला झोप लागली नाही तर. पडदा मिटला की बॅटरी वाचवण्याच्या सदिच्छेने फोन मागे चाललेली कामे बंद करतो, म्हणून मी सोफ्यावर बसून थोड्या थोड्या वेळाने पडद्याला बोट लावत त्याला जागवत होतो. याच काळात वहिनींनी अत्यंत सोज्वळ आवाजात विचारले, "भाऊजी, सकाळी तुम्ही गणपतीचा फोटो पाठवता तो क्षणात येतो हो. मग लग्नाचंच कसं अडतं?"

याचे शास्त्रीय उत्तर माझ्याजवळ होते. फॉरवर्ड केलेली गोष्ट आपल्या फोनवरून पुन्हा चढवावी लागत नाही. तिची कुलूपबंद प्रत सर्व्हरवर तात्पुरती ठेवलेलीच असते आणि पुढच्या माणसाला केवळ किल्ली जाते. परंतु "तो गणपती मी पाठवलेलाच नसतो, वहिनी, मी फक्त किल्ली देतो," हे वाक्य लग्नघरात उच्चारण्यासारखे नव्हते.

फाइल अखेर चढली आणि गटावर तिच्या जागी एक करडा आयत आला. त्यावर चित्र नव्हते, त्रिकोणी खूण नव्हती, नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि आकड्यांचे एक लांबलचक नाव होते. मोठे काका बँकेतून निवृत्त झालेले असून गटावर सायबर सुरक्षेचे खाते सांभाळतात. त्यांनी तत्काळ सूचना टाकली की हे कोणीही दाबू नये. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल पाठवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार घडले आहेत आणि पोलिसांनी तसे इशारेही दिले आहेत, हे काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. मी फोन करून सांगितले, "काका, ती मीच पाठवली आहे."

"फसवणारेही ओळखीच्याच नंबरावरून पाठवतात," काका म्हणाले. "तू खरा तूच आहेस कशावरून?"

मी आजोबांचे टोपणनाव सांगितले, वाड्याच्या मागच्या आडाची खूण सांगितली. काकांची खात्री पटली. परंतु फाइल त्यांनी तत्त्व म्हणून उघडली नाही.

काकूंच्या फोनमध्ये जागा नव्हती. जागा करण्यासाठी काही काढावे असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी काढण्यासारखे काय आहे ते पाहण्यासाठी फोन उघडला आणि जुने भोंडल्याचे फोटो पाहण्यात रमून गेल्या. देवरुखच्या मामांची अडचण मात्र गणिती दृष्ट्या सुंदर होती. त्यांचा पॅक रोज दीड जीबीचा. १.८ जीबीची फाइल त्यात एका दिवसात उतरणे शक्यच नाही. दीड जीबी संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो, आणि त्या वेगाने उरलेल्या ३०० एमबीला दहा तासांहून अधिक लागतात. म्हणजे दुपारी आरंभ केला तर ती पूर्ण होण्याआधीच मध्यरात्र होऊन नवा दीड जीबी मिळतो आणि फाइल धाडकन खाली येते. अशा रीतीने आमच्या पुतणीचा विवाह, जो साताऱ्यात दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी लागला होता, तो देवरुखात रात्री १२ वाजून गेल्यावर लागला. मामा मुहूर्त साधण्यासाठी जागे राहिले होते, हे त्यांचे मोठेपण.

उरलेल्यांसाठी गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक दिली. त्या खात्याची १५ जीबी जागा फुकट असते, पण ती आपली ईमेल आणि फोटो यांच्यात वाटली गेलेली असते, त्यामुळे तिथेही आधी घर आवरावे लागले. फाइल जगजाहीर करायची नसल्यामुळे मी ती केवळ परवानगी मागणाऱ्यांना खुली ठेवली, आणि परवानग्यांचे अर्ज येऊ लागले. नातेवाइकांची ईमेल खाती त्यांच्या नातवंडांनी उघडून दिलेली असल्याने त्या पत्त्यांत क्रिकेटपटू, फुलपाखरे आणि जन्मसाले यांचाच भरणा होता. कोणाला आत घ्यावे हे ठरवताना मला मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना "आपण कोणाकडचे?" असे विचारल्याची लाज वाटत होती.

एवढ्यात खरा प्रसंग उद्भवला. आमच्याकडच्या कोणीतरी उत्साहाने ती पहिली, दाबलेली, फरश्यांची प्रत वरपक्षाच्या गटावर पुढे पाठवली होती. विहीणबाईंचा फोन थेट माझ्या वहिनींना आला. तक्रार नव्हतीच. "आमच्याकडे सगळं धूसरच आलं हो," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे म्हणे पैठणीचा काठसुद्धा दिसतो. असू दे, आम्ही काय, प्रत्यक्षच पाहिलं होतं." या शेवटच्या वाक्यानंतर आमच्या घरात तातडीची बैठक बसली. वधूपक्षाला स्पष्ट आणि वरपक्षाला अंधूक, असा भेद झाल्याचे दोन्ही घरांच्या इतिहासात उदाहरण नव्हते. डॉक्युमेंट, लिंक वगैरे प्रकार विहीणबाईंपुढे काढायचे नाहीत, त्यात पाहुण्यांना कामाला लावल्यासारखे दिसते, असा ठराव झाला. पेन ड्राइव्ह द्यावा, तोही हातात, असे ठरले. वहिनींनी तो अहेराच्या पाकिटात घातला, वर एक रुपयाचे नाणे चिकटलेले होतेच. सोबत चिवडा-लाडवांचे डबे दिले, आणि पुतणी मांडवपरतणीहून सासरी निघाली तेव्हा तिच्याबरोबर हे सगळे रवाना झाले.

विहीणबाईंनी तो मोठ्या टीव्हीला लावला. टीव्ही मोठा होता, तसाच जुनाही होता, आणि एच.२६५ त्याला उमगत नव्हते. त्यामुळे पडदा आरंभापासून अखेरपर्यंत काळा राहिला आणि आवाज मात्र खणखणीत आला. वरपक्षाच्या सगळ्या मंडळींनी दिवाणखान्यात बसून ११ मिनिटे अंधारात मंगलाष्टके ऐकली.

"आत्यांचा आवाज काय सुरेख आहे हो," विहीणबाईंचा फोन आला. "परवा अक्षतांच्या गडबडीत नीट ऐकूच आला नव्हता."

मी तो व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीत बदलून घेतला. आता तो त्यांच्या टीव्हीवर दिसेल, कोणाच्याही टीव्हीवर दिसेल. मात्र तेवढाच स्पष्ट ठेवायचा म्हणून आकार ३.८ जीबी झाला आहे आणि तो २ जीबीच्या दारातून कोणाकडेच जाऊ शकत नाही. दरम्यान विहीणबाईंचा अभिप्राय आत्यापर्यंत पोहोचला असून तिने व्हिडिओचा नाद सोडला आहे. तिला फक्त तिच्या मंगलाष्टकाचा आवाज कापून हवा होता. तो जेमतेम दीड एमबी भरला, पाठवताच गेला, आणि तिने तो दोन्ही गटांवर, भिशीच्या मंडळात आणि भजनी मंडळात पुढे धाडला. सर्वत्र अंगठे आणि हात जोडलेली चित्रे आली. मोठ्या काकांनी तीही फाइल अद्याप उघडलेली नाही.