मेंदू पारदर्शक झाला म्हणजे न्यूरॉन दिसले असं नाही हो

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: नवीन केमिकल आलंय, त्यात मेंदू बुडवला की काचेसारखा होतो, प्रत्येक न्यूरॉन (मेंदूतली चेतापेशी) आणि प्रत्येक जोडणी थ्रीडीत दिसते, सेक्शन म्हणजे पातळ काप कापायची कटकट संपली, लवकरच जिवंत पेशंटवरही करणार. सोबत पारदर्शक उंदराच्या मेंदूचा फोटो, मग काय, पटतंच लोकांना.

"नवीन केमिकल". कसलं नवीन, जर्मनीत श्पाल्टेहोल्झ नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच अख्खे अवयव पारदर्शक करून दाखवलेत. 2013 ला क्लॅरिटी ही मेंदू पारदर्शक करायची पद्धत गाजली खरी, पण मूळ तत्त्व तेच, पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.33 आणि चरबीचा 1.45 च्या आसपास म्हणून प्रकाश आत विखुरतो, तर चरबी काढा आणि सगळीकडे जुळणाऱ्या अपवर्तनांकाचं द्रव भरा.

"बुडवला की न्यूरॉन दिसतात". खरी गोम इथे आहे. पारदर्शक मेंदूत काहीच दिसत नाही, म्हणून तर तो पारदर्शक! दिसतं ते स्टेन केलेलं, म्हणजे रंगवलेलं, आणि स्टेन आत पोचवणं हीच डोकेदुखी. त्यासाठी वापरतात ती अँटिबॉडी, ठराविक प्रथिनाला (टार्गेटला) चिकटून रंग तिथे नेणारा रेणू, म्हणजे 150 किलोडाल्टनचं धूड, नुसत्या डिफ्यूजनने, आपोआप पसरत, सरकते, जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट, त्यात वरच्या थरातच टार्गेट भरपूर असलं की सगळी तिथेच अडकून संपते, मग स्कॅनमध्ये कडा झगझगीत आणि मध्ये मिट्ट काळोख, बघणाऱ्याला वाटतं आत पेशीच नाहीत. पेशीत जीएफपी हे स्वतःच चमकणारं प्रथिन असलेला उंदीर घ्या म्हणाल, तर आयडिस्को या पारदर्शक करायच्या दुसऱ्या पद्धतीतल्या मेथॅनॉलने जीएफपीची चमकच मरते, म्हणजे परत जीएफपीविरुद्धची अँटिबॉडी आलीच. आणि डीआयआयसारखा चरबीत बसणारा रंग? चरबीच धुतल्यावर तो कशाला धरून बसणार.

"सेक्शन संपले". छे, अँटिबॉडी मेथॅनॉलनंतर चालते का हे आधी पातळ सेक्शनवरच तपासतात.

"प्रत्येक जोडणी". सायनॅप्समधली, म्हणजे दोन न्यूरॉनच्या जोडणीतली, फट साधारण 20 नॅनोमीटर, साध्या प्रकाशाला 200 च्या खालचं वेगळं दिसत नाही. टिश्यूच साडेचारपट फुगवला, 2015 ची एक्स्पान्शन मायक्रोस्कोपी, तरी ती फट 90 च्या आसपासच, ती बघायची तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. शिवाय सगळेच न्यूरॉन एका रंगात रंगले तर नुसता गुंता, इटालियन डॉक्टर गॉल्जीची 1873 ची पद्धत कामी आली ती मोजकेच न्यूरॉन रंगवते म्हणून.

"जिवंत पेशंट". पेशीचं आवरणच चरबीचं, ते डिटर्जंटने काढल्यावर जिवंत काय राहणार! 2024 ला टार्ट्राझीन या पिवळ्या खाद्यरंगाने जिवंत उंदराची कातडी पारदर्शक केली ती भानगड वेगळी, तिथे चरबी काढत नाहीत, पाण्याचाच अपवर्तनांक वाढवतात आणि धुतलं की कातडी पूर्ववत. त्यातही डोक्यावर लावून दिसल्या त्या मेंदूच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या, आतले न्यूरॉन नाहीत.