बीपी घेतानाच विचारा

गावाकडे गर्भसंस्कारावरून दोन तट पडलेत. एकांना ते विज्ञान वाटतं, दुसऱ्यांना थोतांड. ब्रिटनमध्ये बसून हा वाद वाचताना खटकतं ते वेगळंच: पोटुशीनं काय ऐकावं, काय वाचावं यावर सगळे बोलतात, तिच्यावर काय गुदरलं, हे कुणी विचारत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या घरांत पाणी शिरलं. सातव्या महिन्यात चिखल उपसणारीला ‘आनंदी राहा’ म्हणायचं, आणि बाळ कमी वजनाचं झालं की खापरही तिच्याच डोक्यावर!

ताणानं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) त्यातलं बरंचसं निष्प्रभ करते, सगळं नाही. ३७ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचा, अडीच किलोंच्या आत वजन भरण्याचा धोका वाढतो, पण थोडाच. आडवाटेनं होणारं नुकसान जास्त. लोहाच्या गोळ्या आणि कार्ड पुरात गेलं, तपासणी चुकली, दोनदाची मशेरी पाचदा झाली. मशेरीतलं निकोटिन बाळाचं वजन घटवतं हे खरं, पण ती का वाढली ते आधी विचारा.

इथे ब्रिटनमध्ये सुईणी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारतात: गेल्या महिन्यात वरचेवर खिन्न, हताश वाटलं? कशातच रस वाटेनासा झाला? ‘हो’ आलं तर उदासी मोजणारी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली काढता येते. ३० पैकी १३ किंवा जास्त गुण म्हणजे नीट तपासणी हवी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा; तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोलायचं. निदान एकदा तरी तिला एकटीला भेटायचं, हाही दंडक. पण विचारून झालं की ती रिकाम्या फ्लॅटवर परतते. आपल्याकडे आशाताई दारात येते; फक्त तेव्हा सासूबाई पडवीत बसलेल्या असतात.

म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदरपणाच्या तपासणीत बीपी घेताना दोन मिनिटं काढावीत. ‘उदास वाटतं का?’ला ‘नाय ओ’ हेच उत्तर मिळेल. ‘सगळी झोपली तरी टक्क जागी असतेस का? कशात जीव लागत नाय का?’ असं विचारलं तर बोलेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर कार्डावरच लिहून द्यावा.

उलटी चूकही होते: शरीराचा धोका मनाचा ताण म्हणून सोडून दिला जातो. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी १४०/९० च्या वर आहे, तर ते ‘टेन्शन’ नव्हे. बाळाची हालचाल मंदावली तरी तसंच. सकाळपर्यंत थांबू नका, १०८ लावा.