सेवा ही कार्यशाळांची पुरवणी नव्हे

लूथरन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) प्रादेशिक मेळाव्याविषयीचा लेख वाचला; मेळाव्यात कार्यशाळा हा मुख्य भाग आणि सेवेच्या संधी उरलेल्या वेळेसाठी, ही त्यातील मांडणी मला पटली नाही. पंथ निराळा असला, तरी आमच्या नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीचा, हाताने काम करत शिकण्याचा दाखला येथे द्यावासा वाटतो: चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशन संस्थेने गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे अक्षरओळखीबरोबरच सुतारकाम, लोहारकाम शिकवले, आणि नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेचा मिशनरी-शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनविधीतही तो सहभागी झाला.

आमच्या मंडळीने रुग्णसेवेच्या कार्यशाळेनंतर तरुणांना लगेच रुग्णांच्या घरी नेले, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुशीवर कसे वळवायचे, हे व्याख्यानात न उमगलेले त्यांच्या हातांना उमगले. मेळाव्यात सकाळचा वेळ सेवेलाच द्यावा.