डिबगमध्ये चालते ना, मग झाले!

ठाणे स्थानकाच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवरून रोज सकाळी पाठीला लॅपटॉपची पिशवी अडकवून जी मंडळी ऐरोली, घणसोली आणि कोपरखैरणेकडे रवाना होतात, त्यांत मोबाइल ॲप बनवणारेही असतात. आपण त्यांच्यापैकी एक असाल आणि एखाद्या ॲण्ड्रॉइड प्रकल्पाची सूत्रे नुकतीच आपल्या हाती आली असतील, तर बिल्ड टाइपची, म्हणजे एकाच कोडपासून ॲप बांधण्याच्या निरनिराळ्या प्रकारांची, मांडणी कशी करावी याबद्दल अनुभवाचे चार शब्द सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. दिघा गावापासून वाचायला घेतलेत तर रबाळे येईपर्यंत संपतील, आणि रबाळ्याला उतरून आपण लगेच ते अमलात आणू शकाल.

नवा प्रकल्प उघडला की ॲण्ड्रॉइड स्टुडिओ (ज्यात ॲप लिहितात ते सॉफ्टवेअर) आपल्याला दोन बिल्ड टाइप आपण होऊन देतो: डिबग आणि रिलीज. डिबग म्हणजे घरात वापरायचे कपडे, बनवणाऱ्याने चुका शोधण्यापुरते वापरायचे ॲप. त्यावर सही करण्याची, म्हणजे ॲप कोणाचे हे फोनला पटवण्याची, किल्ली स्टुडिओच तयार करतो, तिचा पासवर्ड ‘ॲण्ड्रॉइड’ हाच असतो, आणि तो जगातल्या सर्वांना ठाऊक असतो. रिलीज म्हणजे लग्नाला घालायचे कपडे, ग्राहकाच्या हाती जाणारे ॲप. त्याला स्वतःची किल्ली द्यावी लागते, कोड आवळून घ्यायचा की नाही हे ठरवावे लागते, आणि मुख्य म्हणजे लग्नाच्या आधी एकदा घालून बघावे लागते. हे शेवटचे मात्र आपण अजिबात करू नये. तीन महिने डिबगवर निष्ठेने काम करावे, प्रत्येक बैठकीत ‘माझ्या फोनवर तर चालते आहे’ असे शांतपणे सांगावे, आणि ज्या शुक्रवारी ॲप द्यायचे कबूल केले असेल त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास बिल्ड व्हेरिएंटच्या खिडकीत आयुष्यात प्रथमच ‘रिलीज’ निवडावे.

हा मार्ग मी स्वतः चोखाळलेला आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलासाठी आम्ही देखभाल शुल्काचे ॲप बनवत होतो. सभासदाचे नाव, सदनिका क्रमांक, थकबाकी आणि शेवटची तारीख, एवढ्या चार गोष्टी सर्व्हरकडून यायच्या आणि पडद्यावर दिसायच्या. डिबगमध्ये सारे सुरळीत होते. देण्याच्या दिवशी कोणीतरी म्हणाले की ॲपचा आकार फार मोठा आहे, म्हणून मी रिलीजच्या खान्यात मिनिफायची, म्हणजे कोड आवळण्याची, ओळ ‘ट्रू’ करून टाकली. त्यासरशी आर-एट नावाचे यंत्र कामाला लागले. न वापरलेला कोड काढून टाकणे आणि उरलेल्या वर्गांची (क्लासची) व चलांची (व्हेरिएबलची) नावे ए, बी, सी अशी आखूड करणे, हा त्याचा धर्म. सर्व्हर मात्र पूर्वीच्याच नावांनी माहिती पाठवत राहिला. नावे जुळवून माहिती भरणाऱ्या तयार कोडला, म्हणजे लायब्ररीला, ती नावे सापडेनात, आणि न सापडलेल्या गोष्टीची तक्रार करण्याइतकी ती उद्धट नव्हती. तिने शब्दांच्या जागी नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवले आणि आकड्यांच्या जागी शून्य.

शनिवारी सकाळी साडेआठला संकुलाच्या खजिनदार काकांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आवाजात कुठेही राग नाही.

“अहो, तुमचे ॲप उघडले की ‘नमस्कार नल’ असे लिहून येते. आमच्या बी विंगमध्ये नल नावाचे कोणीही राहत नाही.”

मी म्हटले, “काका, पाहतो लगेच.”

“पाहा. आणि या नलाची थकबाकी शून्य पूर्णांक शून्य रुपये दाखवता आहात, तर दमयंतीची किती आहे तेही एकदा कळवा.”

तोपर्यंत चाळीसेक सभासदांनी त्या शून्याचे स्क्रीनशॉट संकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुरावा म्हणून टाकलेले होते. सातव्या मजल्यावरील ज्या गृहस्थांनी दोन वर्षे एक पैसा भरला नव्हता, त्यांनी तो चित्राच्या चौकटीत बसवून घ्यायचेच काय ते बाकी ठेवले होते. दुरुस्ती एका ओळीची होती. तो माहितीचा वर्ग आहे तसा ठेवावा, असे आर-एटच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहिले की काम झाले. (ही फाइल अजूनही ‘प्रोगार्ड’च्या नावाने असते. २०१९ मध्ये प्रोगार्डची गादी आर-एटकडे आली, पण दुकानावरची पाटी कोणी बदलली नाही.) मात्र आपण एका ओळीवर थांबू नये. ‘सगळेच वर्ग, सगळ्याच चलांसकट, जसेच्या तसे ठेवावेत’ असा सरसकट नियम लिहून टाकावा. मग आर-एट रोज कामावर हजर राहतो, बिल्डची दहा मिनिटे खातो, लॅपटॉपचा पंखा घोंघावत ठेवतो आणि आपल्या कोडच्या केसालाही धक्का लावत नाही.

नावे आखूड करतेवेळी आर-एट एक मॅपिंगची फाइलही लिहून ठेवतो. कोणत्या ‘ए’चे मूळ नाव काय होते, याची ती नोंदवही. ग्राहकाच्या फोनवर ॲप कोसळले तर त्या फाइलवाचून अहवालात केवळ ए, बी, सी दिसतात, म्हणून तत्पर लोक प्रत्येक आवृत्तीसोबत ती जपून ठेवतात. आपण ती बिल्डच्या फोल्डरमध्येच राहू द्यावी आणि ‘क्लीन’चे बटण दाबावे. कोसळण्याचे कारण कोणालाच कळले नाही, तर ते आपल्यामुळे घडले असेही कोणाला सिद्ध करता येत नाही.

आता नकाशाकडे वळू. ॲपमध्ये गूगलचा नकाशा घातला की त्याची चावी ॲपच्या ओळखनावाला आणि सहीच्या ठशाला बांधून ठेवता येते. हा ठसा एकच असतो, अशी समजूत मनाशी घट्ट धरावी. वास्तविक डिबगचा ठसा प्रत्येकाच्या लॅपटॉपवर निराळा असतो, आपल्या रिलीजच्या किल्लीचा निराळा, आणि आपण प्ले स्टोअरला बंडल (स्टोअरवर चढवायचे ॲपचे गाठोडे) दिल्यावर तिथे जी अंतिम सही होते तिचा तिसराच. पहिले दोन ठसे नोंदवून तिसरा विसरला, तर कचेरीतल्या प्रत्येक फोनवर मासुंदा तलाव निळाशार दिसतो आणि स्टोअरवरून उतरवलेल्या प्रत्येक फोनवर त्याच जागी राखाडी चौकोन येतो. ग्राहकाने तक्रार केली, तर नेटवर्कचा विषय काढावा. घोडबंदर रस्त्याच्या बाबतीत तो कोणालाही पटतो.

काही दिवसांनी डिबग आणि रिलीज हे दोन प्रकार आपल्याला अपुरे वाटू लागतील, आणि टेस्टरांसाठी तिसरा प्रकार काढावासा वाटेल. त्याला स्टेजिंग म्हणतात. इथे सर्वांत मोलाचा सल्ला देतो. नवा बिल्ड टाइप रिकाम्या पाटीवर लिहावा लागत नाही. ‘इनिट-विथ’ म्हटले की जुन्या प्रकाराची सारी मांडणी त्यात उतरते. कर्मठ लोक स्टेजिंगची उत्पत्ती रिलीजपासून करतात. कोड तसाच आवळलेला, डिबगची सोय तशीच बंद, आणि बदल काय तर सर्व्हरचा पत्ता आणि ओळखनावाचे शेपूट, म्हणजे टेस्टरने जे तपासले तेच जवळपास ग्राहकाच्या हाती जाते. असल्या लोकांची संगत धरू नये, कारण त्यांना शनिवारी फोन येत नाहीत आणि त्यामुळे ते किती कष्ट घेतात हे मॅनेजरला कधीच कळत नाही. आपण स्टेजिंगची उत्पत्ती डिबगपासून करावी. टेस्टर तीन आठवडे खपून जे ॲप पास करतील ते एक, आणि ग्राहकाला मिळेल ते दुसरेच. दोघांमध्ये साम्य एवढेच की आयकॉन सारखा असतो.

आयकॉनवरून आठवले. डिबगच्या ओळखनावाला शेपूट जोडण्याची एक सोय आहे, ज्यामुळे डिबग आणि रिलीज ही दोन्ही ॲप एका फोनवर शेजारी शेजारी नांदतात. ती वापरू नये. शेपूट नसले की एक ॲप दुसऱ्यावर बसू पाहते, सह्या जुळत नाहीत, फोन ‘इन्स्टॉल झाले नाही’ एवढेच म्हणतो, आणि बिचारी टेस्टर जुने ॲप काढून टाकते. त्याच्यासोबत तिने सकाळपासून भरलेली माहितीही जाते. त्याने तिचा कामाचा सराव वाढतो.

बिल्ड टाइपखेरीज फ्लेवर नावाचा आणखी एक प्रकार आहे. ॲप कसे बांधायचे हे बिल्ड टाइपने सांगावे आणि कोणासाठी बांधायचे हे फ्लेवरने, अशी त्यांची सरळ वाटणी आहे. सरळ वाटणीत गंमत नसते. चार ग्राहकांचे चार फ्लेवर, दोन सर्व्हरांचे दोन आणि तीन बिल्ड टाइप यांचा गुणाकार २४ होतो. ग्राहकाचे नाव बिल्ड टाइपला आणि सर्व्हरचे नाव फ्लेवरला देऊन त्या २४ व्हेरिएंटमध्ये ‘रिलीज-न्यू’, ‘रिलीज-फायनल’ आणि ‘रिलीज-फायनल-खरा’ यांची भर घातली, की प्रकल्पात तुमच्यावाचून कोणाचे पान हलणार नाही. नोकरीची एवढी शाश्वती तर सरकारी खात्यातही राहिलेली नाही.

सर्व्हरच्या पत्त्याचाही विचार करून ठेवावा. एम्युलेटरमधून, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली फोनमधून, आपल्याच लॅपटॉपवरच्या सर्व्हरला गाठण्यासाठी १०.०.२.२ असा पत्ता वापरतात. तो बिल्ड टाइपच्या खान्यात न ठेवता थेट कोडमध्ये लिहावा, म्हणजे ग्राहकाचा फोन कल्याण ते पनवेल त्या पत्त्याच्या शोधात हिंडेल. ॲण्ड्रॉइड ९ पासून कुलूप नसलेला एचटीटीपी संवाद मुळातच अडवला जातो. त्यावर डिबगच्या स्वतंत्र मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलीत) सूट देऊन काम भागते, पण त्यासाठी एक नवी फाइल बनवावी लागते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये एक शब्द टाकला की सूट सर्वांना मिळते, ग्राहकांनाही आणि त्यांचे बोलणे चोरून ऐकणाऱ्यांनाही. पैसे घेणाऱ्या कंपनीची गुप्त किल्ली मात्र बिल्ड कॉन्फिगच्या, म्हणजे बांधताना ॲपमध्येच उतरणाऱ्या मूल्यांच्या, खान्यात अवश्य ठेवावी. आर-एट वर्गांची नावे बदलतो, अवतरणचिन्हांतला मजकूर तसाच ठेवतो, त्यामुळे ॲप उलगडून बघणाऱ्याला ती शोधण्याचा त्रास होत नाही.

आयफोनवाल्यांसाठी एवढेच सांगतो: महत्त्वाचे काम ‘असर्ट’च्या, म्हणजे ‘हे खरे आहे ना’ अशा तपासणीच्या, कंसात लिहावे. डिबगमध्ये ते होईल, रिलीजमध्ये आयफोनची स्विफ्ट भाषा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

आता कीस्टोअर, म्हणजे रिलीजची सही ज्या फाइलीत असते ती. प्ले स्टोअरवर जायचे असेल तर या सहीची मुदत २२ ऑक्टोबर २०३३ च्या पुढची असावी लागते, त्यामुळे ती फाइल सांभाळायची म्हणजे वर्षानुवर्षे सांभाळायची. पूर्वी ती हरवली की ॲपच संपत असे. नवे ओळखनाव घेऊन नवे ॲप काढावे लागे आणि ‘जुने काढा, हे घ्या’ असे हजारो लोकांना विनवावे लागे. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना बंडल सक्तीचे झाले, त्याबरोबर अंतिम सहीची किल्ली गूगलकडे राहू लागली, आणि आपल्याकडची अपलोडची किल्ली हरवली तर अर्ज करून बदलून मिळू लागली. पुष्कळ मजा त्यामुळे गेली. तरीही जे ग्राहक स्टोअरवर न जाता एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाइल, थेट आपल्या माणसांना वाटतात, त्यांच्या बाबतीत जुना थरार टिकून आहे, आणि आमच्या चारपैकी दोन ग्राहक तसे आहेत.

त्यांच्या कीस्टोअरची फाइल आमच्या कचेरीत नेमकी कोणाकडे आहे, याची चौकशी मी परवा केली. पासवर्ड लगेच मिळाला, तो क्रिकेटच्या ग्रुपवर पिन करून ठेवलेला होता. फाइलविषयी विचारल्यावर मात्र तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवले, आणि चौथा सध्या नोटीस पीरियडवर असून त्याने त्याचा लॅपटॉप सोमवारीच फॉरमॅटसाठी जमा केला आहे.