शाळा डिजिटल करायची आहे ना? मग ऐका

गावात सरकारी मराठी शाळा आहे, गणपतीची थोडी वर्गणी उरली आहे आणि पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याला जन्मभूमीचा उमाळा आला आहे, असा योग असेल तर कौलं शाकारून घेण्याच्या फंदात पडू नका. शाकारलेल्या कौलांचं उद्घाटन होत नाही. सरळ 43 इंची स्मार्ट टीव्ही घ्या.

तो ओल्या भिंतीवर ठोका. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात कोरडी भिंत शोधत बसलात तर दसरा उजाडेल. अर्थिंग तपासायला वायरमन बोलवू नका, चहापाण्याचा खर्च वाढतो. वीज जाते म्हणून 600 व्हीएचा यूपीएस आणा. तो टीव्हीला पंधरा-वीस मिनिटं ओढतो आणि तास असतो 40 मिनिटांचा, म्हणजे निम्मा धडा खात्रीने होतो. 150 एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला तर दिवसभर निघतो, हे खरं. पण बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. ते कोण घालणार, यावर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, तीन सभा जातात आणि तोवर प्लेटा वाळतात.

घरच्या अभ्यासाचं गणित तर अगदी सोपं. 480पीवर, म्हणजे बेताच्या चित्रावर, 40 मिनिटांचा धडा साधारण 300 एमबी खातो. घरात तीन पोरं, प्रत्येकाचे चार धडे, फोन एक, पॅक दिवसाला दीड जीबीचा. पाच धड्यांत पॅक खलास, उरलेले सात देवाच्या भरवशावर. कोणत्या पोराने आधी बघायचं ते आईबापांनी ठरवावं. मुलीचा नंबर शेवटचा लागतो, हे वेगळं सांगायला नको. जंगलपट्ट्यातल्या गावांना हा प्रश्नच पडत नाही. तिथे रेंज एका ठरावीक चढावरच येते, त्यामुळे डेटा भरपूर शिल्लक राहतो.

आता ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षणाचं ॲप उघडा. 2017 पासून सगळ्या देशासाठी आहे, म्हणजे तुमच्यासाठीही असणारच. आधी बोर्ड विचारलं जाईल, मग माध्यम, मग इयत्ता. महाराष्ट्र आणि मराठी निवडलंत की भाषा अगदी घरची, फक्त धडे दुसऱ्याच्या घरचे. तिकडे चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास, आणि तुमच्या पोराच्या दप्तरात कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचं मराठी पुस्तक. 1 नोव्हेंबर 1956 ला, भाषावार राज्यं झाली तेव्हा, भाषा आणि माणसं चोख वाटून झाली, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही बोर्ड-माध्यमाची यादी केली असावी. तुम्ही वाद घालू नका. जो धडा सापडेल तो लावा. परीक्षेत दुसराच आला तर मुलाचं सामान्यज्ञान वाढलं समजा.

खरी मजा नावात आहे. हजेरीपटावर ‘ज्ञानेश्वर’, चार अक्षरी, कुणाची तक्रार नाही. तेच नाव इंग्रजीत मराठी वळणाने डी-एन-वाय होतं, कन्नड वळणाने जे-एन आणि हिंदी वळणाने जी-वाय. आधार केंद्रावर जो बसला असेल त्याच्या कानावर सगळं अवलंबून. मग शाळेच्या पोर्टलवर एक नाव, आधारवर दुसरं, आणि दोन्ही जुळल्याशिवाय ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक निघत नाही. घाबरू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं. मूळचं एक आणि दुरुस्त्या दोन, तिन्ही स्पेलिंगं बरोब्बर बसतात. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जाईल आणि बाप गोव्यात सेंटरिंगच्या कामावर असेल. तो फळीवरून उतरून आकडे सांगेपर्यंत मुदत संपते. पुन्हा पाठवा.

दृष्टिहीन मुलांनाही विसरू नका, ‘समावेशक’ हा शब्द बॅनरवर आहे. त्यांच्यासाठी प्रश्नसंच स्कॅन करून पीडीएफ पाठवा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो निव्वळ फोटो दिसतो, म्हणून तो गप्प बसतो आणि वर्गात शांतता राहते. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली फाइल असेल तर गप्पही बसणार नाही, रोमन अक्षरं आणि चिन्हं बडबडत सुटेल. युनिकोड वापरलंत तरी स्क्रीन रीडरचा आवाज हिंदी ठेवा. ‘चमचा’ मधले दोन्ही ‘च’ तो ‘चहा’तल्यासारखे म्हणेल, पोरांची करमणूक होईल.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर अशा 40 मिनिटांच्या धड्यांपैकी शंभरेक मावतात. आपल्याच पुस्तकातले धडे तालुक्यातल्या एखाद्या गुरुजींकडून रेकॉर्ड करून घेतले, एच 264 या व्हिडिओच्या जुन्या प्रकारात ठेवले (नवा एच 265 ठेवला की जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र नाही), तर इंटरनेट नाही, पॅक नाही, ओटीपी नाही. इतकं सोपं काम झालं तर पुढच्या वर्षी देणगी कशाच्या नावाने मागायची?

राहिला फोटो. तो त्याच दिवशी ग्रुपवर गेला पाहिजे, ठिकाण आणि वेळ छापून. गुरुजी रेंजच्या चढावर जाऊन तो पाठवून येईपर्यंत वर्ग सातवीच्या मॉनिटरकडे द्या. फोटोत टीव्ही चालू असलाच पाहिजे असं नाही, मुलांना मान वर करून बसवलं की पुरे. फ्लॅश तेवढा बंद ठेवा. नाहीतर काळ्या काचेत वरचं गळकं कौल दिसतं आणि खाली ठेवलेली बादलीसुद्धा.