हॉस्टेलवर पोहोचवताना घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम अभिनंदन. मुलाला पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणजे खरं तर तुम्हालाच मिळाला. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय अर्ज रात्री दोनपर्यंत जागून तुम्ही भरलात, मागच्या वर्षीच्या कटऑफ याद्या ऑफिसच्या प्रिंटरवर तुम्ही छापल्यात, ब्रँचवरून मेहुण्याशी वाजवून घेतलंत तेही तुम्हीच. चिरंजीव तेव्हा आतल्या खोलीत 'बाबा, कुठलंही चालेल' म्हणत मोबाईल छातीवर घेऊन पडले होते. तेव्हा आता, हॉस्टेलच्या दारात येऊन, सूत्रं त्याच्या हाती द्यायचं काही कारण नाही.

कॉलेजच्या पत्रात 'सोबत जास्तीत जास्त दोन पालक' असं लिहिलेलं असेल. लिहायची पद्धत असते ती. आई-वडील तर हवेतच. मामा हवा, कारण सात सीटर गाडी त्याची आहे. आत्या हडपसरला राहते, तिला वगळलं तर दिवाळीपर्यंत ऐकावं लागेल. 'पोराची खोली एकदा डोळ्यांनी बघते, मग मी मोकळी' असं आजी म्हणाल्यावर तिला नको म्हणणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. शिवाय गल्लीतला तो दादा, ज्याने त्याच कॉलेजात चार वर्षांची डिग्री सहा वर्षं मन लावून केली. त्याला अनुभवी माणूस म्हणून घ्या. सामान मावलं नाही तर टपावर बांधा. मुलगा मावला नाही तर तो ट्रॅव्हल्सने येईल.

निघायची वेळ पंचांग बघून ठरवा. हजर राहायची वेळ शनिवारी सकाळी नऊ ते एक, आणि शनिवारचा राहुकाळ नेमका नऊ ते साडेदहा. एवढी मोठी कॉलेजं काढतात, पण भिंतीवर साधं कालनिर्णय लावत नाहीत. म्हणून लातूरहून शुक्रवारी रात्री अकराला निघा, पहाटे फाटकावर पोहोचा आणि साडेदहापर्यंत गाडीतच बसून राहा. मागून आलेली मंडळी राहुकाळातच आत घुसून खाटा पटकावतील, पण त्यांचं पुढे काय व्हायचं ते होईलच.

फाईल वडिलांच्या काखेत असावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, वैद्यकीय दाखला, सगळ्यांच्या पाच-पाच झेरॉक्स आणि निळ्या पार्श्वभूमीवरचे ढीगभर फोटो. खिडकीतला कारकून पांढऱ्या पार्श्वभूमीचे मागेल. तो मुलाला काही विचारू लागला तर ताबडतोब मधे पडा. 'ॲप्लिकेशन आयडी?' याचं उत्तर तुम्ही द्या. 'ब्लड ग्रुप?' ते आई सांगेल. 'नाव?' इथे मात्र मुलाला बोलू द्या. आत्मविश्वास वाढतो.

पैशांच्या खिडकीवर थोडा अभ्यास दाखवा. महिना २०,००० रुपयांपर्यंत भाडं आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर हॉस्टेलच्या भाड्यावर जीएसटी नको, असं जीएसटी परिषदेने जून २०२४ मध्ये ठरवलंय, हे मोठ्या आवाजात सांगा. लेखापाल कौतुकाने मान डोलावेल आणि पावतीवर 'विकास शुल्क', 'सुविधा शुल्क' आणि 'इतर' असे तीन रकाने भरून तुमच्या हातात ठेवेल. इतर म्हणजे काय हे विचारू नका. मागे रांग असते.

मग येतं रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. एक मुलाचं, एक तुमचं, आणि दर वर्षी नवं. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत तसे. नव्या मुलांची राहायची सोय सिनिअरांपासून वेगळी करावी, हेही त्यांतच आहे. वाचत बसू नका, सही करा. सही वाळायच्या आत जिना चढून वरच्या मजल्यावर जा आणि 'आपल्या तालुक्यातला' एखादा सिनिअर शोधून काढा. त्याला मुलाचा खोली क्रमांक द्या, मोबाईल नंबर द्या, पोरगं लाजाळू आहे, कुणी काही बोललं तर रडतं, हेही विश्वासाने सांगा. निघताना 'तुझ्या भरवशावर सोडून चाललोय' म्हणा. भिंतीवर १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक ठळक अक्षरांत लावलेला दिसेल. पोराची एवढी सोय लावल्यावर त्याची गरज पडेल असं वाटत नाही, पण जाता जाता एक फोटो काढून ठेवा.

नियमावलीवरही सही लागते. खोलीत इस्त्री, हीटर, इंडक्शन, किटली आणि पाणी तापवायचा रॉड आणणार नाही, अशी हमी तुम्ही खाली ऑफिसात देत असाल, त्याच सुमारास वर आई गादीच्या वळकटीतून किटली काढत असेल. रॉड रजईच्या घडीत आहे. नियम इतर मुलांसाठी असतात. आपल्या मुलाला सकाळी गरम पाणी लागतं.

आता खोली. माहितीपुस्तिकेत ती प्रशस्त होती. प्रत्यक्षात दहा बाय बारा, तीन लोखंडी खाटा, तीन टेबलं, तीन कपाटं, त्यांतल्या एकाचं दार लागत नाही. तुम्ही पंचांग पाळून आलात म्हणून दोन कुटुंबं आधीच आत आहेत. इथे एसटीत लहानपणापासून मिळालेलं शिक्षण कामी येतं: खिडकीजवळच्या खाटेवर रुमाल टाका. रुमालाला आजकालची माणसं जुमानत नाहीत, म्हणून आजीला बसवा. आजीला कुणी ऊठ म्हणत नाही.

मग दोन आयांचं बोलणं होईल, आणि ते फार गोड होईल. सांगलीच्या ताई म्हणतील, "आमच्या ह्याला काय ओ, कुठंबी झोपतोय. फक्त तेवढं वारं लागलं पाहिजे, नाहीतर रात्रभर शिंकतोय." नागपूरच्या ताई म्हणतील, "असू द्या ना जी. आमच्याचंही तसंच आहे, त्याले गर्मी सहन नाही होत." नागपूरच्या माणसाला पुण्याची गर्मी सहन होत नाही, हे ऐकून कुणीही हसायचं नाही. तुमच्या सौभाग्यवतींनी या टप्प्यावर डॉक्टरांचं नाव काढावं. "डॉक्टरांनी सांगितलंय, भिंतीकडे तोंड करून झोपवू नका." कुठल्या डॉक्टरांनी, कधी, असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. हे सगळं हसत, एकमेकींना शंकरपाळी देत चालतं आणि सहज पाऊण तास पुरतं.

त्या पाऊण तासात तिघं मुलं काय करतात? काही नाही. ती दाराशी उभी असतात. त्यांनी आल्या आल्या बघून ठेवलेलं असतं की खोलीत चालू असलेला प्लग पॉइंट एकच आहे आणि तो दाराजवळच्या खाटेपाशी आहे. खिडकीची खाट तिघांनाही नकोय. पण हे आयांना सांगणं म्हणजे ओढवून घेणं, एवढी अक्कल बारावीनंतर येते.

आया खाटेवर गुंतल्या की वडिलांनी रूममेटची चौकशी करावी. मुलगा सिगारेट ओढतो का, अभ्यास करतो का, हे विचारून काही हाती लागत नाही. खरा प्रश्न वेगळा असतो आणि तो सरळ विचारला तर आपण मागासलेले दिसतो, म्हणून आडून या. आधी आडनाव. त्यावरून काम झालं तर उत्तम. पण पाटील, देशमुख ही पदावरून, वतनावरून पडलेली आडनावं, कुठेही सापडतात. चव्हाण आणि पवारांचंही तेच. अशा वेळी मूळ गाव विचारायचं.

"मूळ गाव कुठलं आपलं?"

"वाई."

"अरे वा! वाई म्हणजे...?"

"म्हणजे वाईच."

समोरचा पक्का निघाला. खचू नका. कुलदैवत विचारा. जेवणात नॉनव्हेज चालतं का विचारा. 'आमच्यात हे चालत नाही, तुमच्यात?' असं म्हणून त्या 'तुमच्यात'वर हलकेच थांबा. एवढ्यानेही नाही कळलं तर मोबाईल काढून मुलाच्या बापाचं फेसबुक उघडा. डीपीतला फोटो किंवा एप्रिलमधल्या पोस्टी पुरेशा असतात. हे सगळं मुलाच्या भल्यासाठी चाललंय, आम्ही स्वतः जातपात मानत नाही, हे वाक्य तयार ठेवा. समोरच्यानेही ठेवलेलं असतं.

कोल्हापुरात १९०१ नंतर शाहू महाराजांना एकेका समाजासाठी वेगवेगळी वसतिगृहं उभी करावी लागली, काळच तसा होता. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातीधर्मांची पोरं एका बोर्डिंगात आणली, एकाच पंक्तीत जेवायला बसवली. त्या पंक्तीला आता शंभर वर्षं होऊन गेली. माझ्या मते त्या बोर्डिंगला एक गोष्ट फार अनुकूल होती: पोरांना पोहोचवायला सात सीटर गाड्या येत नसत.

खाण्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. मेसचे पैसे वर्षभराचे भरलेत म्हणून काय झालं. चिवडा, भडंग, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तूप, दोन प्रकारची लोणची, थालीपिठाची भाजणी. भाजणी कोण भिजवणार, कशावर भाजणार, हा प्रश्न विचारणाऱ्याला आईची माया कळत नाही. पूर्वी खेड्यातनं शिकायला आलेल्या पोरांना एसटीने डबा यायचा. भाकरी, पातळ भाजी, फडक्यात बांधलेला. स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून घ्यायचा आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने पाठवायचा. ती पोरं डबे परत करत. तुमचे येणार नाहीत. म्हणून घरातला तो मोठा पितळी झाकणाचा डबा तरी देऊ नका, ज्याच्यावर टोचून टोचून 'कै. सोनूताई यांच्या स्मरणार्थ' असं नाव घातलंय. देणारच असाल तर डिसेंबरात तो तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी सॉक्सनी भरलेला दिसेल, याची मनाची तयारी ठेवा. चिवड्याची काळजी नको. तो पहिल्याच रात्री संपतो. रूममेटची जात तुम्हाला कळायच्या आत त्याने अर्धा खाल्लेला असतो.

मुलगी असेल तर सूचना थोड्या वेगळ्या. वडिलांना वरच्या मजल्यावर प्रवेश नसतो. खालच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहा आणि वर बादली, मग, दोरी, कुलूप पोहोचलं का हे फोनवर विचारत राहा. रेक्टरमॅडम 'रात्री साडेआठला फाटक बंद' म्हणाल्या की समाधानाने मान डोलवा. आणखी अर्धा तास अलीकडे आणता येईल का, तेही सुचवा. शेजारच्या मुलांच्या हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं, हे विचारू नका. तिथे फाटक आहे की नाही हेच कुणाला नीट माहीत नसतं. तुमचा थोरला तिथेच राहून गेलाय, तेव्हा तुम्हीही कधी विचारलं नव्हतं.

बाकी किरकोळ. नळ सोडून पाण्याचा जोर बघा, 'बोअरचं की कॉर्पोरेशनचं?' असं विचारा. उत्तर 'टँकरचं' येईल. वॉचमनकाकांच्या हातात काहीतरी ठेवा आणि मेसच्या मावशींना 'आमच्याला तिखट कमी' सांगून या. दुपारपर्यंत ही सूचना त्यांना तीनशे घरांतून आलेली असते आणि निम्म्या घरांनी 'तिखट जरा जास्त' सांगितलेलं असतं. त्या सगळ्यांना 'हो हो ताई' म्हणतात आणि रोजचीच आमटी करतात.

शेवटी निरोप. हा एकदाच घेणं कंजुषपणाचं आहे. एक खोलीत घ्या, एक जिन्यात, एक गाडीपाशी, आणि चौकापर्यंत जाऊन कोलगेट राहिलं म्हणून परत फिरा. रडायचं काम आईकडे असतं. वडिलांनी त्या वेळी टायरकडे बघावं, हवा बरोबर असली तरी. मुलगा खाली मान घालून उभा असेल. तो भावुक झालाय असं समजा. खिशात फोन सारखा थरथरतोय, कारण बाकीचे दोघे बर्गर खायला निघालेत आणि 'किती वेळ रे अजून' असं विचारतायत, हे तुम्हाला कळायची गरज नाही.

सोलापूर रोडला लागलात की व्हिडिओ कॉल लावा. उचलणार नाही. पुन्हा लावा. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तोवर झालेला असेल, तिथे 'कुणाचा मुलगा फोन उचलतोय का?' म्हणून टाका. चाळीसेक अंगठे आणि हात जोडलेले येतील. मग मामाला गाडी बाजूला घ्यायला सांगून, पेट्रोल पंपावरच, मोबाईलवरून गणपतीचं पुणे-लातूर तिकीट काढून टाका. तीन आठवड्यांवर आलेत, आणि ट्रॅव्हल्सवाले ऐनवेळी दुप्पट घेतात. येताना तो मळक्या कपड्यांच्या दोन बॅगा आणणार आहे, त्यामुळे खालची सीट बघा.