अपडेट आलं की दार रुसतं

इलेक्ट्रिक गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट म्हणे रात्रीत आपोआप होतं. होतं की! सकाळी दार उघडत नाही ते त्यामुळंच. कोल्हापुरात बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये दोन्ही हातांत पिशव्या, किल्ली खिशात, आणि दाराची मूठ पत्र्यात चपटी बसलेली. ढिम्म. शेजारचा रिक्षावाला विचारतोय, "भावा, धक्का मारू काय?" आता दाराला धक्का मारून काय करू?

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, "बारा व्होल्टची बॅटरी उतरली असंल." म्हणजे सीटखाली मोठ्या बॅटरीचं एवढं धूड चार्ज होऊन पडलंय, पण कुलूप चालतं त्या छोट्या बॅटरीवर! अपडेटनंतर गाडीतले कॉम्प्युटर झोपतच नाहीत, रात्रभर त्या छोट्या बॅटरीला चाटत बसतात. मागच्या अपडेटला तर उलटंच. लक्ष्मीपुरीत गाडी लावून चार पावलं गेलो की दारं आपली आपणच सताड!

किल्लीच्या पोटात लोखंडी पातं असतंय, पण ते घालायचं भोक झाकणाखाली लपवलेलं. "पुढच्या अपडेटला नीट हुईल साहेब," हे ठरलेलं उत्तर. आणि वर मोबाईलवर मेसेज: नवं अपडेट कसं वाटलं? पाच तारे द्या. देतो की, या समोर!